छायेची साक्ष

"हाताला गांठ लागते" एवढे तीन शब्द एखाद्या स्त्रीच्या तोंडून निघाले म्हणजे घरांतील बोलणें एकदम थांबतें. पुढचा शब्द कोणी उच्चारीत नाहीं, पण तो सर्वांच्या मनांत उभा असतो. वास्तविक स्तनांत आढळणाऱ्या गांठींपैकीं बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात. कांहीं पाण्यानें भरलेल्या पिशव्या असतात, कांहीं चरबीचे गोळे, कांहीं दुग्धग्रंथी व तंतु यांची वाजवीपेक्षां अधिक झालेली वाढ. हें आज निश्चयानें सांगतां येतें. परंतु "बहुतेक" या शब्दानें कोणाचें समाधान होत नाहीं, आणि तें होऊंहि नये. विचारणारीचा प्रश्न "माझी गांठ कोणती?" असा असतो. ती गांठ न कापतां, नुसती तिची छाया पाहून किंवा तिच्यावरून परतणारा प्रतिध्वनि टिपून तिची जात ओळखतां येईल काय, या शोधांत वैद्यकानें शंभरांहून अधिक वर्षें घालविलीं आहेत. त्या शोधाची हकीकत आज सांगावयाची आहे. त्यांतहि माझा रोख दुर्मिळ अशा निरुपद्रवी गांठींवर आहे. नेहमींच्या गांठी कोणीहि जाणता ओळखतो. छायेच्या साक्षीची खरी परीक्षा होते ती या क्वचित् भेटणाऱ्या गांठींपाशीं.

छाया पाहण्याचें साधन नव्हतें तेव्हां काय घडत असे, याचें एक उदाहरण इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित आहे. फॅनी बर्नी ही इंग्लंडांतील नामांकित कादंबरीकर्त्री. दार्ब्ले नांवाच्या फ्रेंच सेनाधिकाऱ्याशीं विवाह होऊन ती पॅरिस येथें राहत असतां तिच्या उजव्या स्तनांत गांठ आली व दुखूं लागली. ३० सप्टेंबर १८११ रोजीं काळा पोषाख केलेले सात पुरुष तिच्या खोलींत शिरले. त्यांत नेपोलियनच्या सैन्याचे विख्यात शस्त्रवैद्य बॅरन लारे हे मुख्य होते. भूल देण्याची विद्या तेव्हां उदयास यावयाची होती. थोडें मद्य पाजून व चेहऱ्यावर एक तलम रुमाल टाकून काम सुरू झालें, आणि त्या रुमालांतून तिला चकाकणारें पातें दिसत होतें. हा वीस मिनिटांचा प्रसंग पुढें तिनें आपल्या बहिणीला लिहिलेल्या दीर्घ पत्रांत वर्णिला; तें पत्र पुरें करावयास तिला कित्येक महिने लागले. त्या वेळीं ती ५९ वर्षांची होती. त्यानंतर ती आणखी २८ वर्षें जगली आणि १८४० च्या जानेवारींत वारली.

इतकीं वर्षें ती जगली म्हणून कांहीं आधुनिक वैद्यांना शंका येते कीं, ती गांठ कर्करोगाची नसावीच. उलट पक्षीं, कर्करोगाच्याहि कांहीं गांठी मंदगति असतात. या वादाचा निकाल आतां लागणें नाहीं, कारण त्या गांठीचा काप सूक्ष्मदर्शकाखालीं कोणी पाहिलेला नाहीं. मला लक्ष वेधावयाचें आहे तें एवढ्याकडेच कीं, युरोपांतील उत्तमोत्तम शस्त्रवैद्य त्या खोलींत हजर असूनहि त्यांच्यापाशीं बोटें आणि अनुभव यांखेरीज तिसरें साधन नव्हतें.

या दोन साधनांच्या बळावरच पहिली वर्गवारी झाली, हेंहि खरें. लंडन येथील गाय रुग्णालयाचे शस्त्रवैद्य सर अॅस्टली कूपर यांनीं १८२९ सालीं स्तनांच्या रोगांवर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. तरुण स्त्रियांच्या स्तनांत आढळणारी, बोटाखालून गोटीसारखी सरकणारी टणक गांठ ही कर्करोगाहून सर्वस्वीं निराळी आहे, असें त्यांनीं त्यांत वेगळें काढून दाखविलें. हिलाच आज आपले डॉक्टर फायब्रोअॅडिनोमा म्हणतात. नऊ वर्षांनीं, म्हणजे १८३८ सालीं, बर्लिनचे प्राध्यापक योहानेस म्यूलर यांनीं अर्बुदांचे काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून एक पुस्तक लिहिलें. मोठी, झपाट्यानें वाढणारी, परंतु कापल्यावर आंत पानापानांची रचना दाखविणारी अशी एक गांठ त्यांनीं त्यांत वर्णिली. कोबीचा गड्डा उभा चिरला असतां जसें दिसतें तसें कांहींसें तिचें अंतरंग असतें. ग्रीक भाषेंत पानाला 'फिलॉन' म्हणतात, त्यावरून म्यूलर यांनीं तिला 'सिस्टोसार्कोमा फिलॉइडीस' असें भारदस्त नांव दिलें.

या नांवानें पुढें मोठाच घोटाळा केला. म्यूलर यांच्या लेखीं 'सार्कोमा' म्हणजे केवळ मांसल गांठ. ती घातक नाहीं असेंच त्यांचें मत होतें. परंतु कालांतरानें सार्कोमा या शब्दाला घातक अर्बुद असा अर्थ कायमचा चिकटला, आणि ज्या गांठीचा शोधक तिला निरुपद्रवी समजत होता तिचें नांव वाचूनच मनुष्य हबकावा अशी स्थिति झाली. शेवटीं १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें 'फिलॉइड्स ट्यूमर' हें सौम्य नांव मान्य केलें. अर्थात् म्यूलर यांचेंहि मत पुरतें बरोबर ठरलें नाहीं. या जातीच्या बहुसंख्य गांठी निरुपद्रवी असल्या तरी थोड्या खरोखरच घातक निघतात. म्यूलर यांच्या हाताखालीं त्या वेळीं थिओडोर श्वान नांवाचा एक तरुण काम करीत होता. मज्जातंतूंना वेढून असणाऱ्या आवरणपेशींना आज त्याचें नांव आहे. हें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. या हकीकतीच्या शेवटीं त्याची गरज पडणार आहे.

आतां छायेकडे वळूं. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं व्यूर्त्सबुर्ग येथें राँटगेन यांना क्ष-किरण सांपडले, आणि अल्पावधींतच जगभरच्या रुग्णालयांतून हाडांचीं छायाचित्रें निघूं लागलीं. स्तनांत मात्र हाड नाहीं. चरबी, ग्रंथी आणि तंतु यांच्या घनतेंतील फरक इतका थोडा कीं, त्या काळच्या यंत्रांना तो टिपणें दुरापास्त. बर्लिन येथील शस्त्रवैद्य आल्बर्ट सालोमन यांनीं यावर एक युक्ति काढली. रुग्ण स्त्रीऐवजीं शस्त्रक्रियेनें काढून टाकलेला स्तनच त्यांनीं क्ष-किरणांखालीं ठेवला, आणि छायेंत जें दिसलें तें प्रत्यक्ष गांठीशीं ताडून पाहिलें. अशा सुमारें ३,००० स्तनांच्या अभ्यासावर आधारलेला त्यांचा प्रबंध १९१३ सालीं प्रसिद्ध झाला. पसरत जाणाऱ्या कर्करोगाची कडा छायेंत कशी उमटते आणि आपल्या सीमेंत राहणाऱ्या गांठीची कशी उमटते, हा भेद त्यांत प्रथम दिसला. कांहीं छायाचित्रांत बारीक ठिपके आहेत हेंहि त्यांनीं पाहिलें होतें. ते चुन्याचे कण होत, व त्यांच्या आकारावरून गांठीची जात ताडतां येते, हें उमगावयास पुढें जवळजवळ चार दशकें लागलीं.

सालोमन यांना तें काम पुढें नेतां आलें नाहीं. पहिलें महायुद्ध आलें. आणि ते ज्यू असल्यामुळें १९३३ सालीं नाझी राजवटीनें त्यांचें विद्यापीठांतील पद काढून घेतलें. १९३८ सालीं त्यांना साक्सेनहाउसेनच्या छळछावणींत डांबण्यांत आलें. तेथून सुटल्यावर ते हॉलंडांत गेले, तेथें पुन्हां पकडले गेले, निसटले, आणि युद्ध संपेपर्यंत लपून राहिले. त्यांची एकुलती कन्या शार्लोटे हिला त्यांनीं सुरक्षित राहील या आशेनें फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आजी-आजोबांकडे धाडलें होतें. तेथें १९४० ते १९४२ या काळांत तिनें आपल्या कुटुंबाची कथा साडेसातशेंहून अधिक चित्रांत रंगविली. १९४३ च्या ऑक्टोबरांत आउश्वित्झ येथें तिला मारण्यांत आलें. ती २६ वर्षांची होती व गर्भवती होती. युद्धानंतर तीं चित्रें पित्याच्या हातीं आलीं. आज कलेच्या इतिहासांत कन्येचें नांव आहे आणि वैद्यकाच्या इतिहासांत पित्याचें. परंतु हे दोघे बापलेक होते हें पुष्कळांना ठाऊक नसतें, म्हणून थोडें विषयांतर पत्करून सांगितलें.

छायेचें काम असें मागें पडलें असतां निकाल देण्याचा अधिकार सूक्ष्मदर्शकाकडे राहिला. १९०५ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें लुई विल्सन यांनीं ताज्या मांसाचा तुकडा गोठवून, त्याचा पातळ काप रंगवून कांहीं मिनिटांत निदान करण्याची रीत बसविली. रीत उत्तम होती, पण तिच्याभोवतीं जी वहिवाट पडली ती स्त्रियांना फार जड गेली. रुग्ण स्त्रीला भूल द्यावयाची. गांठ काढून तिचा काप शेजारच्या खोलींत पाठवावयाचा. "घातक" असा निरोप आला कीं त्याच भुलींत संपूर्ण स्तन, छातीचे स्नायु व काखेंतील ग्रंथींसह, हॉल्स्टेड यांच्या पद्धतीनें काढून टाकावयाचा. संमतिपत्रावर सही आधींच घेतलेली असे. शुद्धीवर येऊन छातीकडे हात नेईपर्यंत आपल्या गांठीची जात त्या स्त्रीला कळत नसे. घाईनें केलेला काप नेहमींच्या गांठींत क्वचितच फसवितो. पण दुर्मिळ गांठींत फसवूं शकतो, हें विकृतिशास्त्रज्ञ स्वतःच मान्य करीत. तरीहि ही वहिवाट साठ-सत्तर वर्षें चालली.

ती मोडण्यास एका पत्रकार स्त्रीचा हातभार लागला. १९७४ सालीं रोझ कुश्नर या अमेरिकन बाईंना स्वतःच्या स्तनांत गांठ आढळली. निदान आधीं, मग विचार, मग शस्त्रक्रिया असे टप्पे वेगळे करा, असा त्यांनीं आग्रह धरला, आणि तो मान्य करणारा शस्त्रवैद्य मिळविण्यास त्यांना फार खटपट करावी लागली. १९७९ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें भरविलेल्या तज्ज्ञ-परिषदेनें हे टप्पे वेगळे असावेत अशीच शिफारस केली. त्या परिषदेंत कुश्नर स्वतः सभासद होत्या. माझ्या मतें गांठींच्या इतिहासांत या शिफारशीची योग्यता कोणत्याहि यंत्राइतकीच आहे. कारण निदान स्वतंत्र झालें तेव्हांच चित्राला बोलावयास अवसर मिळाला.

मध्यंतरीं चित्र सुधारत होतें. अमेरिकेंत रॉचेस्टर येथें स्टॅफर्ड वॉरन यांनीं १९३० सालीं रुग्ण स्त्रियांच्या स्तनांचीं क्ष-किरण चित्रें शस्त्रक्रियेपूर्वीं काढून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढें हेच वॉरन अणुबाँबच्या योजनेंत वैद्यकीय प्रमुख झाले. विसाव्या शतकांतील चरित्रांत असले विचित्र सांधे पुष्कळ आढळतात. उरुग्वे देशांतील मोंटेविडिओ शहरीं राउल लेबोर्ञ यांनीं स्तन दाबून सपाट केला असतां छाया किती स्पष्ट येते तें दाखविलें, आणि १९५१ सालीं चुन्याच्या कणांचें कोडें बऱ्याच अंशीं सोडविलें: मिठाच्या बारीक कणांसारखे दाट ठिपके संशयास्पद, मोठे ओबडधोबड खडे बहुधा निर्धास्त. १९६० सालीं ह्यूस्टनचे रॉबर्ट ईगन यांनीं १,००० तपासण्यांचा अनुभव मांडला, आणि त्याच दशकांत स्ट्रासबुर्गचे शार्ल ग्रो यांच्या प्रयत्नांनीं केवळ स्तनांसाठीं म्हणून वेगळें यंत्र तयार झालें. आपण ज्याला मॅमोग्राफी म्हणतों तिचा सांगाडा एवढ्यांत पुरा झाला.

या चित्रांत चरबी काळसर दिसते. ग्रंथी, पाणी व गांठी पांढुरक्या दिसतात. ही एकच किल्ली हातीं आली तरी कित्येक दुर्मिळ गांठींचें कुलूप उघडतें. नुसत्या चरबीची गांठ असेल, तर ती सभोंवतालच्या चरबीइतकीच काळी दिसते व तिच्याभोंवतीं पापुद्र्यासारखी एक बारीक पांढरी रेघ असते. तेथें संशयाला जागाच नाहीं. अंगावर पाजणाऱ्या मातेच्या स्तनांत कधीं कधीं दूध सांचून गांठ होते. तिला उभें करून बाजूनें चित्र घेतलें, तर दुधांतील स्निग्धांश वर तरंगतो व पाणी खालीं राहतें. भांड्यांतील दुधावर साय धरावी तशी आडवी रेघ चित्रांत उमटते. अशी रेघ दिसली कीं सुरी खालीं ठेवावी. म्हातारपणीं वाळलेल्या फायब्रोअॅडिनोमांत चुना सांचतो आणि त्याचे मोठे फुललेले खडे दिसतात. अमेरिकन लोक त्यांना मक्याच्या लाह्यांची उपमा देतात, व ती अगदीं चपखल आहे.

यांत मला सर्वांत मौजेची वाटते ती हॅमार्टोमा. १९७१ सालीं मेयो क्लिनिकच्या आरिगोनी प्रभृति विकृतिशास्त्रज्ञांनीं तिला हें नांव देऊन तिचें सविस्तर वर्णन केलें. हिच्यांत परकें असें कांहींच नसतें. चरबी, ग्रंथी, तंतु, सर्व कांहीं स्तनांतलेंच. फक्त तें एका पातळ वेष्टनांत वेगळें बांधलेलें. म्हणून क्ष-किरणतज्ज्ञ तिला "स्तनांतील स्तन" म्हणतात. गंमत अशी कीं, सूक्ष्मदर्शकाखालीं हिचा काप पाहणाराला तो निरोगी स्तनाचाच भासतो. सुईनें काढलेला लहान तुकडा पाहून विकृतिशास्त्रज्ञ लिहितो, "येथें कांहीं विशेष दिसत नाहीं." तिला ओळखतें तें चित्रच. सूक्ष्मदर्शकाला छायेपुढें हार खावी लागते असे प्रसंग थोडे; त्यांतला हा एक.

क्ष-किरणांची एक उणीव मात्र कायमची होती. पाण्यानें भरलेली पिशवी आणि घट्ट गांठ या दोहोंची छाया सारखीच पांढरी. शिवाय तरुण स्त्रियांच्या दाट स्तनांत सगळेंच पांढरें असल्यामुळें पांढरी गांठ त्यांत लपून जाते. येथें मदतीला आला तो ध्वनि. कानाला ऐकूं न येणाऱ्या सूक्ष्म लहरी पाण्यांत सोडून, त्यांचा प्रतिध्वनि टिपून पाणबुडी हुडकण्याची विद्या पहिल्या महायुद्धांत जन्मली. दुसऱ्या महायुद्धांत लंडनवरील बाँबवर्षावांत जखमी झालेल्या लोकांवर उपचार करणारे जॉन वाइल्ड हे इंग्रज डॉक्टर पुढें अमेरिकेंत मिनिआपोलिस येथें गेले. आंतड्याची जाडी अशा प्रतिध्वनीनें मोजतां येईल काय, हें त्यांना पाहावयाचें होतें. नौदलाच्या वैमानिकांना शिकविण्यासाठीं बनविलेलें एक यंत्र त्यांना वापरावयास मिळालें. जॉन रीड या तरुण अभियंत्याच्या साह्यानें त्यांनीं स्वतंत्र उपकरण तयार केलें, आणि १९५० नंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतच स्तनांतील गांठींचे प्रतिध्वनि पडद्यावर उमटूं लागले. निरुपद्रवी गांठ व कर्करोग यांचे प्रतिध्वनि निराळे असावेत, ही कल्पना वाइल्ड यांनीं तेव्हांच मांडली. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटली कीं घरांत प्रथम बाळाचीच आठवण होते. पण तिच्या अगदीं आरंभींच्या प्रयोगांत स्तनांतील गांठी होत्या, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

तरीहि पुष्कळ काळ सोनोग्राफीला एकच प्रश्न विचारला जाई: पाणी कीं गांठ? पाण्याची पिशवी पडद्यावर आरपार काळी दिसते, आणि तिच्या मागचा भाग अधिक उजळतो. एवढ्यावर समाधान मानीत. घट्ट गांठ निघाली कीं ती काढावयाची. ही मर्यादा ओलांडली ती १९९५ सालीं. अमेरिकेंत डेन्व्हर येथें थॉमस स्टॅव्हरोस व त्यांचे सहकारी यांनीं ७५० घट्ट गांठी सोनोग्राफीनें पाहून, आपला तर्क आधीं लिहून ठेवून, मग प्रत्येकीची तपासणी करविली. त्यांपैकीं ६२५ गांठी निरुपद्रवी निघाल्या व १२५ कर्करोगाच्या. केवळ चित्रावरून ज्या गांठी त्यांनीं निरुपद्रवी ठरविल्या होत्या, त्यांत दोनच कर्करोगाच्या निघाल्या. उंचीपेक्षां रुंदी अधिक, कडा गुळगुळीत, भोंवतीं पातळ अखंड वेष्टन, अशीं त्यांचीं लक्षणें साधीं आहेत. त्यापूर्वीं चार वर्षें, १९९१ सालीं, सॅन फ्रान्सिस्कोचे एडवर्ड सिकल्स यांनीं मॅमोग्राफींत "बहुधा निरुपद्रवी" वाटलेल्या ३,१८४ प्रकरणांचा, ताबडतोब न कापतां, ठराविक काळानें पुन्हां चित्र घेऊन पाठपुरावा केला होता. त्यांत १७ कर्करोग निघाले. या आंकड्यांनीं थांबून पाहण्याला शास्त्राचा आधार मिळाला. १९९३ सालीं अमेरिकेंतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेनें अहवालाची भाषाच ठरवून दिली. आज आपल्या शहरांतील अहवालाखालीं 'बाय-रॅड्स' म्हणून जो आंकडा असतो तो या भाषेतला. दोन म्हणजे निरुपद्रवी. तीन म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाचा संभव शेंकडा दोनांहून अधिक नाहीं. चार व पांच म्हणजे तुकडा तपासलाच पाहिजे.

आतां दुर्मिळ गांठींकडे पुन्हां येतों, कारण या नीटनेटक्या आंकड्यांना तडा जातो तो तेथेंच. कांहीं गांठी साळसूद दिसतात. म्यूलर यांची ती पानांची गांठ पाहा. मॅमोग्राफींत ती गोल, दाट, रेखीव कडेची, सोनोग्राफींत गुळगुळीत. स्टॅव्हरोस यांची सगळी साधी लक्षणें ती दाखवूं शकते. आंत पाण्याच्या चिरा दिसल्या, किंवा गांठ कांहीं महिन्यांत झपाट्यानें वाढली, तर जाणकार सावध होतो. पण ती सौम्य आहे कीं घातक हें चित्र सांगूं शकत नाहीं. स्तनांतील एकंदर अर्बुदांत हिचें प्रमाण शेंकडा एकाहूनहि कमी. म्हणून वाढती गांठ पूर्ण काढून, भोंवतालची थोडी निरोगी जागाहि बरोबर घेतात. सौम्य असली तरी ती पुन्हां उगवूं शकते.

दुसरी एक गांठ १९८६ सालीं वेगळी ओळखली गेली. तिचें शास्त्रीय नांव इतकें लांब आहे कीं डॉक्टरहि 'पॅश' असें आद्याक्षरांनीं म्हणतात. तिच्यांत बारीक फटी असतात व त्या रक्तवाहिन्यांसारख्या भासतात. चित्रांत ही अगदीं फायब्रोअॅडिनोमासारखी, म्हणजे गरीब. सूक्ष्मदर्शकाखालीं मात्र रक्तवाहिन्यांच्या घातक अर्बुदाची शंका यावी अशी. येथें फसविणारा काप, आणि सरळ बोलणारी छाया.

याच्या नेमकी उलट अशी गांठ म्हणजे दाणेदार पेशींची, इंग्रजी नांव ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. तिच्याजवळ थोडें थांबूं. १९२६ सालीं मॉस्कोचे विकृतिशास्त्रज्ञ अॅलेक्सी अब्रिकोसॉव्ह यांनीं जिभेवरील अशा गांठींचें वर्णन केलें. १९२४ सालीं लेनिनच्या शवाची चिकित्सा करणारे ते हेच. १९३१ सालीं त्यांनीं ही गांठ स्तनांतहि वर्णिली. स्नायूंच्या अपक्व पेशींपासून ती होते, असा त्यांचा समज होता. कर्करोगाच्या साधारण एक हजार प्रकरणांमागें एखाददुसरी अशी गांठ स्तनांत भेटते. आणि ती भेटते ती कर्करोगाचा वेष पूर्णपणें धारण करून! हाताला दगडासारखी लागते. वरची त्वचा आंत ओढून घेते व खळी पाडते. कधीं छातीच्या स्नायूला चिकटते. मॅमोग्राफींत तिच्या कडेपासून चोहोंकडे टोकदार किरण निघालेले दिसतात. सोनोग्राफींत आकार वेडावांकडा, आणि मागें गडद सावली. ज्या ज्या लक्षणांनीं कर्करोग ओळखावा असें विद्यार्थ्यांना शिकवितात, तीं बहुतेक सर्व येथें हजर असतात. असें असून शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव वेळां ही गांठ सर्वस्वीं निरुपद्रवी असते. भुलींत असलेल्या स्त्रीच्या बाजूस उभें राहून केवळ हाताचा व डोळ्याचा कौल मानला गेला, तेव्हां या गांठीपायीं अकारण स्तन गेल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयांत आहेत.

तिचें कूळ उलगडलें तें हळूहळू. १९६२ सालीं विद्युत्कण-सूक्ष्मदर्शकाखालीं तिच्या पेशी पाहून शास्त्रज्ञांनीं सांगितलें कीं, यांचा स्नायूंशीं संबंध नाहीं. त्या मज्जातंतूंच्या आवरणांतील, म्हणजे त्या श्वान यांच्या पेशी आहेत. १९६५ सालीं बैलाच्या मेंदूंतून एक प्रथिन वेगळें काढण्यांत आलें. अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणांतहि तें विरघळलेलें राहतें म्हणून त्याचें नांव 'एस-१००' पडलें. श्वान-पेशींत तें विपुल असतें. पुढें त्याचा रंग कापावर चढविण्याची युक्ति निघाली. दाणेदार पेशी त्या रंगानें भरून निघतात, आणि कर्करोगाचे रंग त्यांना लागत नाहींत. संशय उरत नाहीं.

परंतु त्या रंगापर्यंत पोहोंचावयाचें तर स्तन न काढतां तुकडा मिळावयास पाहिजे. ती सोय १९९० च्या सुमारास झाली. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत, केवळ त्या जागेपुरती बधिरता आणून, जाड पोकळ सुईनें गांठीचे बारीक दंडगोल काढण्याची पद्धति तेव्हांपासून रूढ झाली. स्त्री जागी असते, बोलत असते, आणि थोड्या वेळांत घरीं जाते. निकाल येतो तो कांहीं दिवसांनीं, कागदावर.

तो कागद आल्यावर मग एक काम उरतें, आणि तें यंत्राचें नाहीं. चित्र पाहणारानें सुईचा निकाल आपल्या चित्राशीं ताडून पाहावयाचा असतो. टोकदार किरणांच्या गांठीवर "फायब्रोअॅडिनोमा" असा निकाल आला, तर तो स्वीकारीत नाहींत. सुई चुकीच्या जागीं गेली असें धरून तुकडा पुन्हां घेतात किंवा गांठच काढतात. पण त्याच टोकदार छायेवर "दाणेदार पेशींची गांठ, एस-१०० होकारार्थी" असा निकाल आला, तर चित्र व काप यांचा मेळ बसला असें तो लिहूं शकतो. कारण ही गांठ अशीच दिसते, हें अब्रिकोसॉव्ह यांच्यापासूनच्या तुरळक नोंदींमुळें त्याला ठाऊक असतें. मग शस्त्रवैद्य ती गांठ भोंवतालच्या थोड्या जागेसह काढतो. काखेंतील ग्रंथींना हात लावीत नाहीं, आणि स्तन जागच्या जागीं राहतो.